पायाळू हौसाचा उजवा पाय

हौसाला संशय यायला कारण लागत नसे. दूधवाल्याने माप काठोकाठ भरलं, तर ती म्हणे, आज पाणी जास्त घातलेलं दिसतंय. कमी भरलं, तर लुटलं म्हणून ओरडायला ती मोकळीच. शेजारणीने वाटेत हसून ‘जेवलीस का’ विचारलं, तर घरी येऊन तासभर घोळवत बसे, की हिला माझ्या जेवणाशी करायचंय काय. किन्हवलीच्या अलीकडच्या त्या चाळीस घरांच्या गावात लोक म्हणत, हौसा आपल्या सावलीलाही विचारील, ‘माझ्यामागं का लागलीस गो?’ म्हणणारे वाढवून म्हणत, पण फार नाही.

हा स्वभाव तिला आईने लावला, आणि आईलाही बोल लावता येणार नाही. हौसा पायाळू जन्मली. डोक्याआधी पाय बाहेर आले. पायाळू माणसाच्या पायात गुण असतो, कमरेत उसण भरली की त्याने पाय लावावा आणि उसण उतरावी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच माणसाला जमिनीतलं गुप्तधन दिसतं असंही लोक धरून चालतात, आणि वीज पडायची तर त्याच्यावर आधी पडते असंही. म्हणून हौसाची आई आभाळ गडगडलं की तिला कणगीमागे बसवी आणि एरवी रोज बजावी, “कोनी अनोळखी मानूस गोड बोलाया लागला तर पाय झाकायचे. धन काढाया नेतील नि तिथंच पुरतील.” पाच वर्षांच्या पोरीच्या मनात हे एकदा बसलं की ती पुढे कुणाच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवील, असं कुणी समजू नये.

लग्न होऊन सासरी आली तेव्हाही तिने हे गुपितच ठेवलं. वर्षभर ठेवलं. मग एका सकाळी तिचे सासरे भाताचं पोतं उचलायला वाकले ते वाकलेलेच राहिले. ना सरळ होता येई, ना बसता येई. अंगणात तसेच उभे राहून म्हातारा लहान पोरासारखा कण्हू लागला. सासू म्हणाली, आता पायाळू आणू कुठून? हौसा चुलीपुढे बसून ऐकत होती. घटकाभर तिने दम धरला आणि मग उठून म्हणाली, “मी हाय.”

सुनेने सासऱ्याला पाय लावायचा! सासूने कानावर हात ठेवले. शेवटी म्हातारा स्वतःच कसाबसा पालथा पडत म्हणाला, “लाव बाय. देवाचाच पाय समजतो मी.” हौसाने डोळे मिटून उजवा पाय तीनदा त्यांच्या कमरेला लावला. दुपारपर्यंत म्हातारा चालता झाला आणि पुढच्या आठवड्यात मुरबाडच्या सोनाराकडून चांदीचा जाड वाळा करून घेऊन आला. एकच, उजव्या पायात घालायला. तेव्हापासून चाळीस वर्षं तो वाळा तिच्या घोट्यावर होता. नवरा यमाजी गेला तेव्हा बायकांनी तिच्या अंगावरचं बाकी सगळं उतरवलं, पण वाळ्याला हात लावायला आलेल्या बाईकडे तिने असं पाहिलं, की तो विषय तिथेच मिटला.

रविवारी आणि बुधवारी सकाळी लोक यायचे. थेट वाशिंदहून, कधी उंबरमाळीकडूनही. पैसा घ्यायचा नाही, घेतला तर गुण जातो, हा नेम. माणसाने ओटीवर पालथं पडायचं, हौसाने भिंतीला हात टेकून तळवा त्याच्या कमरेवर ठेवायचा, दाबायचा, उचलायचा, असं तीनदा. पहिल्यांदा तळव्याखाली कंबर घट्ट लागे. दुसऱ्यांदा थोडी ऊब सुटे. तिसऱ्यांदा मांस सैल पडल्याचं तळव्याला कळे, आणि मग हौसा म्हणे, “उतरली.” नाही कळलं तर ती साफ सांगे, “नाय उतरली. बुधवारी ये.” तिच्यावर लोकांचा भरवसा होता तो या ‘नाय’मुळेच. जगावर संशय घेणारी ही बाई आपल्या पायाचीही फुकट बढाई मारत नाही, हे लोकांनी पाहिलं होतं.

आणि हे सगळं दोन वर्षांपूर्वी बिनसलं.

एका रविवारी एका माणसाच्या कमरेवर तिने पाय ठेवला आणि तळव्याखाली काहीच लागलं नाही. घट्ट नाही, सैल नाही, ऊब नाही. आपण पाय हवेतच धरलाय की काय म्हणून तिने खाली पाहिलं, तर पाय बरोबर कमरेवर होता. तीनदा लावून झालं. माणूस मान वळवून वाट पाहत होता. हौसाच्या तोंडून निघालं, “उतरली.” तो हात जोडून गेला. हौसा मात्र ओटीवर बसून कितीतरी वेळ त्या तळव्याला नखाने टोचत होती. तिला मनातून फार भीती वाटली.

पुढच्या वेळीही तेच झालं, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. दर वेळी ती ‘उतरली’ म्हणत गेली. ‘नाय’ म्हणणं तिने सोडूनच दिलं, कारण नाय कुठल्या तोंडाने म्हणायचं? हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. तिच्या लहानपणी माहेरच्या गावाबाहेर मंगळू नावाचा माणूस एकटा झोपडीत राहायचा. त्याचा पाय बधिर झाला होता. लोक म्हणाले, रोग. सरकारी गोळ्या खाऊन पुढे तो ठणठणीत बरा झाला, तरी मरेपर्यंत त्याच्या हातचं पाणी कुणी प्यायलं नाही. बधिर हा शब्द हौसाने त्या झोपडीबाहेर ऐकला होता, आणि तो आपल्या पायाबद्दल ती स्वतःशीसुद्धा उच्चारत नसे.

त्यापेक्षा गुण कुणीतरी नेला, हे सोपं होतं. मग नेला कुणी, याचा तपास तिने सुरू केला.

पहिला संशय लादीवर. मुलाने, शेखरने, वाशिंदच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर घर नवं बांधलं आणि शेणाची जमीन काढून गुळगुळीत पांढरी लादी बसवली. तिने पायातलं सगळं शोषून घेतलं, असं हौसाचं म्हणणं. ती लादीवर गोणपाट टाकून चालू लागली. फरक पडला नाही.

दुसरा संशय चोरावर. एक दिवस शेतावरून येताना तिच्या लक्षात आलं, की उजव्या पायात चप्पल नाही. डाव्या पायात आहे, उजव्या पायात नाही. कुठे निघाली, कधी निघाली, काही कळलं नाही. आता चप्पल पायातून निघाली तर माणसाला कळणार नाही का? म्हणजे चोरलीच. एकच चप्पल, तीही उजवी, तीही पायाळू बाईची! करणी करणाऱ्याशिवाय असली चोरी कोण करील? तिने तीन घरांशी भांडण काढलं. संध्याकाळी तिची सून नम्रता ती चप्पल हातात घेऊन आली. बांधावर भेगेत अडकून बसली होती म्हणे.

“तुलाच बरी सापडली,” हौसा म्हणाली.

नम्रताने चपलेकडे पाहिलं, मग सासूच्या पायाकडे पाहिलं, आणि ते पाहणं हौसाला अजिबात आवडलं नाही. तिसरा संशय त्या दिवशी जन्मला, आणि तो आधीच्या दोघांपेक्षा दांडगा निघाला.

नम्रता गावची आशा. गरोदर बायांना दवाखान्यात नेणं, पोरांना डोस, घरोघर फिरून कोण आजारी ते वहीत लिहिणं, हे तिचं काम. हौसाला त्या वहीची धास्ती होती. वहीत नाव चढलं की मंगळू झाला, असं तिचं गणित. शाळेत साखर तपासायचं शिबिर झालं तेव्हा नम्रताने चारदा विनवलं, पण हौसा गेली नाही. “रक्त घेऊन कुठं नेतात, काय करतात, कोनी सांगितलंय?” असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

चप्पल सापडल्याच्या दुसऱ्याच दिवशी हौसा दुपारची आडवी झाली होती. झोप लागली नव्हती, नुसते डोळे मिटले होते. पावलं न वाजवता नम्रता आली, पायाशी बसली आणि तिने पायावरचं पांघरूण हळूच वर केलं. हौसाने पापणीच्या फटीतून पाहिलं. सून वाकून तिचा उजवा तळवा बघत होती. बोटांच्या बेचक्यांत बघितलं, टाच बघितली, मग वाळा किंचित वर सरकवून त्याच्याखालीही बघितलं आणि पांघरूण पुन्हा घालून निघून गेली.

आता मला सांगा, याचा अर्थ हौसाने काय लावावा? तिने लावला तो असा, की एकतर सुनेला वाळा हवाय, नाहीतर सून पायाचं काहीतरी करतेय. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चोर घरातच सापडल्यावर हौसाला एका परीने बरंसुद्धा वाटलं. तिने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि घोट्यापासून बोटांपर्यंत पाय घट्ट गुंडाळून मगच ती आडवी होऊ लागली.

“आई, पाय का बांधलाय?” नम्रताने विचारलं.

“थंडी वाजते.”

“उन्हाळ्यात?”

“माजा पाय हाय. मना कवाबी थंडी वाजंल.”

“मला एकदा बघू तर द्या.”

“रोज तर बघतेस,” हौसा म्हणाली. नम्रताचा चेहरा उतरला. त्यानंतर ती दुपारची आली नाही, आणि हौसाला आपण जिंकल्यासारखं वाटलं.

पण याच दिवसांत अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर, एक कुरूप झालं. आता कुरूप म्हणजे काही नवल नव्हे. भात लावणीत चिखल्या झाल्या तर मेंदी थापावी, टाचेला भेगा पडल्या तर कोकमाचं तेल चोळावं, घोटा मुरगळला तर आंबेहळद उगाळून लावावी, आणि कुरूप झालं तर बिब्बा. यासाठी हौसाला कुणाच्या वहीची गरज नव्हती. सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरायचा, त्याचं काळं तेल सुटलं की कुरपावर टेकवायचं. असा चटका बसतो, की माणूस जागचा उडतो. उडाला की समजायचं, औषध लागलं. आठ दिवसांत कुरूप गळून पडतं.

मुरबाडच्या बाजारातल्या झाडपाल्यावाल्याकडून तिने बिब्बे आणले. सून शेजारच्या पाड्यावर गेली होती तेव्हा दार लोटून तिने एक तापवला आणि दात आवळून कुरपावर टेकवला.

चटका बसलाच नाही.

हौसाने पुन्हा टेकवला. काही नाही. तिने तो बिब्बा उजेडात धरून पाहिला आणि तिला सगळं उमगलं. फसवलं! जुने, वाळलेले, तेल गेलेले बिब्बे गळ्यात मारले. लोक हल्ली काय काय नकली करतात! तिने दुसरा तापवला. मग तिसरा. तिसरा तिने जरा जास्तच वेळ दाबून धरला, की खोटा तर खोटा, थोडं तरी तेल असेल. झाडपाल्यावाल्याला मनसोक्त शिव्या देत तिने वरून पट्ट्या गुंडाळल्या. पुढच्या बाजारी जाऊन ते बिब्बे त्याच्या तोंडावर मारायचे, असं ठरवून ती कामाला लागली.

बिचाऱ्याचे बिब्बे अस्सल होते.

सहाव्या दिवशी रविवार होता. मधला बुधवार रिकामाच गेला होता. पलीकडच्या गावचा भगीरथ आला. वीटभट्टीवर काम करणारा धिप्पाड गडी, पण उसण भरल्यामुळे खुरडत आला, आणि ओटीवर त्याला पालथं घालायला दोन माणसं लागली. नवं पांढरं बनियन त्याने घातलं होतं. देवाकडे जावं तसे काही लोक तिच्याकडे येत, त्यांतला तो एक. हौसाने पाठमोरी बसून पट्ट्या सोडल्या. पट्टी थोडी चिकटली, तिने ओढली. एक वास आला. तिने भगीरथाकडे संशयाने पाहिलं, की हा आंघोळ करून आलाय की नाही. मग भिंतीला हात टेकून तिने पाय त्याच्या कमरेवर ठेवला, दाबला, उचलला. एकदा, दोनदा, तीनदा.

“उतरली,” ती म्हणाली.

आणि तिने पाहिलं, की पांढऱ्या बनियनवर लाल डाग आहे. ओला. त्याच्या कडेने पिवळट पाणी पसरलेलं.

“अरे, तुला लागलंय कुठं? आधी सांगू नये?” ती त्याच्यावर डाफरली.

“मना? नाय बा,” भगीरथ मान वळवून म्हणाला. त्याच्यासोबत आलेला माणूस मात्र बनियनकडे बघत नव्हता. तो लादीकडे बघत होता. पांढऱ्या लादीवर, हौसा उभी होती तिथे, बोटं आणि चवड्याचा अर्धा लाल ठसा उमटला होता.

हौसाने भिंतीला धरून पाय वर वळवला. अंगठ्याच्या मुळाशी कुरूप नव्हतंच. तिथे रुपयाएवढा खड्डा होता, कडा पांढऱ्या, आत लाल. एवढं मोठं भोक पायाला पडलं, आणि पायाने चकार शब्द काढला नव्हता. चोर म्हणून तिने लादी धरली, गाव धरलं, सून धरली, बाजारातला माणूस धरला. सगळ्यात लबाड निघाला तो जन्मापासून तिच्याच अंगाला लागलेला पाय. ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली आणि तिने हाक मारली, “नमे! नमे गो!”

त्या हाकेत काय होतं कुणास ठाऊक, नम्रता हाताला लागलेलं पीठ न धुता धावत आली.

शहापूरच्या सरकारी दवाखान्यात कुणाली नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला. साखर तिप्पट निघाली. मग त्या एका काडीला लावलेला नायलॉनचा धागा घेऊन पुढ्यात बसल्या.

“आजी, डोळे मिटा. मी पायाला धागा टेकवीन. लागला की ‘हां’ म्हणा.”

हौसाने डोळे मिटले. गुडघ्याखाली लागला, “हां.” घोट्याच्या वर लागला, “हां.” मग बराच वेळ काहीच नाही. हौसा वाट पाहत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की ही आपली परीक्षा घेतेय.

“तुमी लावीतच नाय,” ती म्हणाली. “नुसत्या बसल्यात. मना फसवताव.”

“बरं, डोळे उघडा.”

तिने उघडले. डॉक्टरांनी धागा तिच्या डोळ्यांदेखत तळव्यावर टेकवला, दाबला. धागा धनुकलीसारखा वाकला. हौसाला काही लागलं नाही. अंगठ्यावर वाकला, करंगळीवर वाकला, टाचेवर वाकला. हौसा बघत राहिली. आता संशय घ्यायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

“रोग हाय काय?” तिने अगदी हळू विचारलं.

“तुम्ही म्हणता तो नाही. तोही आता गोळ्यांनी बरा होतो, पण हा तो नव्हे. हा साखरेचा प्रताप. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली, की पायाच्या नसा मरतात. मग खडा टोचतो, चटका बसतो, चप्पल निघून जाते, माणसाला पत्ता नसतो. बिब्बा किती लावला?”

“तीन,” हौसा म्हणाली. तिची मान खाली गेली. “मना वाटला, खोटा हाय.”

“चटका बसला नाही तेव्हाच थांबायचं होतं, आजी. चांगल्या पायालाही बिब्बा लावू नये, तुमच्या पायाला तर नाहीच नाही.”

“कापावा लागंल काय?”

डॉक्टरांनी आधी पायाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी पाहिली, एक्स-रे काढून आणायला लावला आणि उजेडात धरून बघितला. तेवढ्या वेळात हौसाने नम्रताचा हात धरला होता, आणि तो कधी धरला हे तिलाही कळलं नव्हतं.

“हाड साफ आहे. रक्त पोचतंय. आठवडाभर उशीर केला असता, तर मी काही सांगू शकले नसते. वाचेल पाय, पण मी सांगेन तसं वागायचं. आणि हा वाळा काढावा लागेल. सूज आलीय, रुततोय.”

वाळा निघेना. साबण लावून झाला, तेल लावून झालं. शेवटी कातर आणून तो तोडावा लागला. दोन तुकडे नम्रताच्या ओंजळीत पडले. हौसा सुनेच्या ओंजळीकडे बघत होती. नम्रताने ते रुमालात बांधले, गाठ मारली आणि सासूच्या मांडीवर ठेवले.

“घ्या आई. मोजून घ्या,” ती म्हणाली. त्यात टोमणा होता, आणि तो बरोबर जागी लागला.

आधी जखमेवरची मेलेली कातडी काढली, दहा दिवस मलमपट्टी झाली, गोळ्या झाल्या, रोज दोन वेळा पोटावर इन्सुलिनची सुई सुरू झाली. जखम स्वच्छ दिसू लागल्यावर गुडघ्याखाली प्लॅस्टर घातलं. जखमेवर भार पडला नाही तरच ती भरते, डॉक्टर म्हणाल्या. दर आठवड्याला प्लॅस्टर बदलायचं. आणि बरं झाल्यावर, घरातसुद्धा, देवापुढेसुद्धा, मऊ रबराची पट्ट्यांची चप्पल. अनवाणी पाय जमिनीला लावायचा नाही, म्हणजे नाही.

हौसाला त्या वाक्याचा पुढचा अर्थ घरी येईपर्यंत नीट कळला होता. चप्पल घालून कुणाच्या कमरेला पाय लावता येत नाही. तो गुण नव्हे, तो अपमान झाला असता.

पुढच्या रविवारी ओटीवर चार माणसं येऊन बसली. त्यात भगीरथही होता, पण दुखणं घेऊन नव्हे. तो ताठ चालत आला होता आणि सोबत आपल्या साडूला घेऊन आला होता. गावात बनियनची गोष्ट एव्हाना घरोघर झाली होती, आणि लोकांच्या नजरा हौसाच्या दाराकडे जरा चोरूनच वळत होत्या. नम्रता दारात येऊन म्हणाली, “आई माहेरी गेल्यात.” सासूची लाज राखायला ती सरळ खोटं बोलली.

आतून हौसाने ते ऐकलं. ती काठी घेऊन, प्लॅस्टरचा पाय ओढत बाहेर आली.

“कुठं नाय गेली. इथंच हाय,” ती म्हणाली. “आता या पायाचा भरवसा धरू नका. या पायाला काय कळत नाय. साखर हाय मना. दोन वर्सं झाली, मी नुसती ‘उतरली’ बोलते. उतरली का नाय, मना कळलंच नाय.”

भगीरथ डोकं खाजवत म्हणाला, “पन मावशी, माजी तर उतरली.”

“ती तुजी तूच उतारलीस,” हौसा म्हणाली. “जा आता. आन घरी जाऊन सगल्यांनी आपापले पाय बघा.”

ते उठले, चपला घातल्या. एकजण जाताना ‘रोग’ असं काहीतरी पुटपुटला, आणि नम्रताने अंगणात उतरून त्याला साखर म्हणजे काय ते असं सुनावलं, की तो पुढच्या शिबिराला सगळ्यांच्या आधी हजर राहिला. हौसा मात्र आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. रविवार तिला फार मोठा गेला. पुढचे कितीतरी रविवार आणि बुधवार मोठेच गेले.

दोन महिन्यांनी प्लॅस्टर निघालं. जखम भरली होती, तिथे गुलाबी नवी कातडी आली होती. घोट्यावर वाळ्याचा गोल वण होता, चाळीस वर्षांचा. डॉक्टरांनी सांगितलं, आता रोज पाय बघायचा, तळवा, टाच, बोटांची बेचकी. हौसाची नजर तळव्यापर्यंत पोचेना. आरसा ठेवून पाहिला, तर आरशात दिसतं ते खरं कशावरून, असं ती म्हणाली.

त्या दुपारी ती आडवी झाली. वाळ्याचे तुकडे बांधलेला रुमाल उशाखालीच होता. तेवढी खबरदारी तिने सोडली नव्हती. तिने नम्रताला हाक मारली आणि स्वतःच पांघरूण वर ओढून दोन्ही पाय उघडे केले.

“बघ.”

नम्रता पायाशी बसली. आधी डावा पाहिला, मग उजवा मांडीवर घेतला. हौसाने डोळे मिटले. सुनेचा हात पोटरीवर आला, ऊन, पिठाच्या कामाने खरबरीत. खाली घोट्याकडे आला. वाळ्याच्या वणापर्यंत हौसाला तो लागला, आणि मग नाहीसा झाला.

“नमे.”

“काय आई?”

“हितवर तू हायेस. खाली हायेस काय गो?”

“हाय ना. तळव्यावर हात हाय माझा.”

हौसाने डोळे उघडून पाहिलं नाही.

“बरं,” ती म्हणाली.